विहिरीचा कठडा

२८ मार्च २०२५, शुक्रवार

सकाळची शाळा सुरू झाल्यापासून सव्वासहाला घर सोडावं लागतं. रात्र सरलेली असते, पण पुरतं उजाडलेलं नसतं. बाकीच्यांना ही वेळ प्रसन्न वाटते. माझ्यासाठी दिवसातली सगळ्यात कठीण वेळ हीच. काळोखात मला काहीच दिसत नाही, लख्ख उन्हात समोरचं तेवढं दिसतं. या अर्धवट उजेडात मात्र डोळे भलतंच सांगतात. सावली पायरीसारखी वाटते आणि पायरी सावलीसारखी.

आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. जगात साधारण चार हजार माणसांमागे एकाला होतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या, मंद उजेडात पाहणाऱ्या पेशी आधी जातात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. मग नजर चहूबाजूंनी आत येत जाते. वहीचा कागद गुंडाळून त्याच्या नळीतून पाहावं, तेवढं माझ्याकडे उरलं आहे. फळ्यावरचं अक्षर मी वाचते, पायाशी ठेवलेली बादली मला दिसत नाही. लोकांना याचाच उलगडा होत नाही. "मॅडम पेपर वाचतात, मग काठी कशाला?" असं माझ्या मागे बोलतात, आणि कान शाबूत असल्यामुळे ते मला ऐकू येतं.

माझे आईवडील आते-मामे भावंडं. हा दोष दोघांकडून थोडा थोडा आला आणि माझ्यात येऊन पुरा झाला. त्यांना मी बोल लावत नाही. आमच्या कसमादे भागात मामाची मुलगी करणं म्हणजे नातं घट्ट करणं समजलं जायचं. दादाचे डोळे चांगले आहेत.

पांढरी काठी हातात घेऊन दोन वर्षं झाली. त्याआधीची सहा-सात वर्षं मी काठीशिवाय वावरले आणि लोक मला धीट म्हणायचे. खरं तर ती लाज होती. काठी घेतली की सगळ्या कळवणला कळणार, म्हणून भिंतीला धरून, पुढच्या माणसाच्या मागे मागे, अंदाजाने चालायचे. तेव्हा जेवढी आपटले तेवढी काठी आल्यावर कधी आपटले नाही. स्वावलंबन या शब्दाचा मी फार चुकीचा अर्थ लावून बसले होते.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

लेक नाशिकहून दोन दिवसांसाठी आली आहे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुढी उभारून झाली, श्रीखंड खाऊन झालं आणि तिने माझा फोन मागून घेतला. दुपारी कळलं, तिने लाइव्ह लोकेशन चालू करून ठेवलं होतं. मी कुठे आहे ते तिला नाशिकला बसून नकाशावर दिसणार.

"आई, तू रस्त्यात थांबलीस की मला कळेल."

"आणि मी शेजारच्या काकूंकडे अर्धा तास बसले तर?"

"मग मी फोन करीन."

तिचा बाप पाच वर्षांपूर्वी गेला. घरात मी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. त्या पोरीच्या पोटात किती भीती असेल ते मला कळतं. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी नकाशावरचा ठिपका होऊन जगायचं, हे काही मनाला पटेना. शेवटी ठरलं ते असं: कळवणच्या बाहेर प्रवासाला निघाले की मी स्वतः लोकेशन सुरू करीन, पोचले की बंद करीन. गावात बंद. मला गरज वाटली तर बटण मीच दाबीन. तिने मान्य केलं, पण मन भरलेलं नव्हतं. रात्री उशाशी येऊन झोपली.

१ एप्रिल, मंगळवार

घर ते शाळा वीस मिनिटं. मोजत नाही, पण पायांना पाठ आहे. गल्लीच्या तोंडाशी गिरणी. ती या वेळी बंद असते, पण पिठाचा वास रात्रभर तिथेच मुक्काम करतो. तिथून डावीकडे. मग चहाची टपरी, स्टोव्हचा फर्रर्र आवाज. टपरी मागे पडली की मोठा रस्ता आला.

काठी छातीच्या हाडापर्यंत येईल एवढी लांब घ्यायची असते. डावा पाय पुढे पडताना काठीचं टोक उजवीकडे टेकवायचं, उजवा पाय पुढे पडताना डावीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासलेली असते. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी रिचर्ड हूवर या अमेरिकन माणसाने ही पद्धत बसवली. काठीला पांढरा रंग त्याच्याही आधीचा, १९२१ सालचा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावात जेम्स बिग्ज नावाच्या छायाचित्रकाराची दृष्टी अपघातात गेली, आणि वाहनवाल्यांना आपण दिसावं म्हणून त्याने आपली काठी पांढरी रंगवली. नाशिकला दहा दिवस शिकायला गेले होते तेव्हा आमच्या शिक्षकांनी हे सांगितलं होतं.

पण काठीला वरचं दिसत नाही. कमरेखालचं सगळं ती सांगते, कमरेवरचं काहीच नाही. सध्या उन्हाळ कांदा निघतोय, भल्या पहाटेपासून ट्रॅक्टर बाजार समितीकडे निघालेले असतात. रस्त्याकडेला ट्रॉली उभी असली तर काठी तिच्या खालून आरपार निघून जाते आणि ट्रॉलीचं फळकूट थेट कपाळाला भेटतं. मागच्या वर्षी तीन टाके पडले. तेव्हापासून काठी उजव्या हातात आणि डावा हात चेहऱ्यासमोर आडवा, कोपर वाकवून. लांबून पाहणाऱ्याला वाटत असेल, बाई उन्हाला हात करते आहे.

३ एप्रिल, गुरुवार

आज भाकरी थापताना सासूबाई पाठीशी उभ्या राहिल्या. बोलत नव्हत्या, पण श्वास ऐकू येत होता.

"आई, बसा ना तुम्ही."

"गॅसपाशी आहेस तू. मी कशी बसू?"

भाकरी डोळ्यांनी भाजत नाहीत, निदान मी नाही. तवा तापला का ते पाण्याचा थेंब टाकून ऐकायचं. चर्रर्र लांबला तर अजून थंड आहे, थेंब नाचून पटकन विरला की तवा तयार. पाणी लावलेली बाजू वर ठेवून भाकरी टाकायची. ते पाणी सुकलं की वास बदलतो, ओल्या पिठाचा जाऊन भाजक्या बाजरीचा येतो. तेव्हा उलथायची. फुगल्यावर हाताचा तळवा वीतभर वर धरला की वाफ कुठून निघते ते कळतं. गॅसच्या बटणावर बारीक आचेच्या जागी मी नखाला लावायच्या रंगाचा जाड ठिपका दिला आहे, तो बोटाला लागतो. पदर कमरेला खोचलेला, बाही कोपराच्या वर. चहा ओतताना बोट कपाच्या कडेवर.

हे सगळं मी सासूबाईंना आज पहिल्यांदा नीट सांगितलं. इतकी वर्षं त्या फक्त घाबरत होत्या आणि मी फक्त चिडत होते. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तुला वास येतो तोवर तू पाहतेस." मग ओट्याजवळचं स्टूल ओढून बसल्या.

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. फेब्रुवारीत कढईतलं तेल मनगटावर उडालं होतं, तो डाग मी लेकीपासून बांगड्यांखाली लपवला. आपण भाजलो हे कळलं तर स्वयंपाक काढून घेतील, या भीतीने जखम लपवायची, हे काही बरं लक्षण नव्हे. उद्या तिला फोनवर सांगणार आहे. आणि तळण मी यापुढे एकटी असताना करणार नाही, हे मी माझ्या मनाने ठरवलं आहे.

५ एप्रिल, शनिवार

पडले.

टपरीच्या पुढे, जिथून दोन वर्षं रोज जाते तिथे, रात्रीतून कोणीतरी चर खोदून ठेवला होता. दोन फूट रुंद, कमरेएवढा खोल. मातीचा ढीग पलीकडच्या बाजूला, माझ्या बाजूला काहीच नाही. दोरी नाही, दगड नाही, आडवं लाकूड नाही. काठीचं टोक खाली गेलं ते मला कळलंही, पण ओळखीच्या रस्त्यावर पाय भरभर पडत होते. उजवा घोटा मुरगळला, गुडघा फुटला, काठी वाकली. टपरीवाल्याने आणि एका दूधवाल्याने वर काढलं.

उपजिल्हा रुग्णालयात एक्सरे झाला. मोडलेलं नाही. पट्टी, चार दिवस विश्रांती.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

आजपासून सप्तशृंगीच्या गडावर चैत्रोत्सव सुरू. आमच्या घरी मात्र माझ्या पायाची यात्रा भरली आहे.

सकाळपासून चौदा माणसं येऊन गेली. सगळी मायेची. कोणी मोसंबी आणली, कोणी मुरगळल्यावर लावायचा लेप. आणि चौदांपैकी चौदा जण एकच म्हणाले, की आता एकटीने जाणं बंद कर. रिक्षा लाव. कोणाला तरी सोबत घे. नोकरी किती वर्षं राहिली, स्वेच्छानिवृत्ती घे. दादा अभोण्याहून आला, तोही तेच म्हणाला, फक्त त्याच्या आवाजात पाणी होतं, म्हणून मी उलट बोलले नाही.

चर कोणी खोदला, हे एकानेही विचारलं नाही. तो उघडा का ठेवला, हेही नाही. संध्याकाळी टपरीवाल्याचा मुलगा काठी द्यायला आला तेव्हा सांगून गेला की काल दुपारी त्याच चरात सायकलवरचा एक पोरगाही गेला. चांगल्या डोळ्यांचा.

म्हणजे खड्डा सगळ्यांसाठी होता आणि घरी बसायची शिक्षा मला एकटीला. हे मी रडत लिहिते आहे, दुखण्याने नाही.

८ एप्रिल, मंगळवार

पाय वर घेऊन पडून राहायचं म्हणजे विचार नको तिकडे जातात. आज बसस्टँडवरची ती दुपार आठवली. लिहून टाकते.

गेल्या पावसाळ्यात नाशिकहून आले. गर्दीत एकाने "ताई, मी पोचवतो" म्हणत दंड धरला. मदत करणाऱ्याचा हात आणि दुसरा हात यांतला फरक बाईला क्षणात कळतो. तो हात दंडावर थांबला नाही. मी ओरडले. चार माणसं जमली, तो पसार झाला. लोकांनी विचारलं, कसा दिसत होता? मी काय सांगणार? आवाज सांगितला, तंबाखूचा वास सांगितला.

त्यावर घरच्यांचं उत्तर पुन्हा तेच, एकटी जाऊ नकोस. माझं उत्तर मी नाशिकला शिकले होते, पण तोवर वापरलं नव्हतं. आपण मदतनिसाचा कोपर धरायचा, त्याला आपला दंड धरू द्यायचा नाही. कोपर धरून अर्धं पाऊल मागे चाललं की तो वळला, थांबला, पायरी उतरला, सगळं आपल्या हाताला कळतं, आणि नको वाटलं की हात सोडणं आपल्या ताब्यात राहतं. आता कोणीही पुढे आलं की मी आधी म्हणते, "तुम्ही मला धरू नका, मी तुम्हाला धरते." बहुतेक जण आनंदाने कोपर पुढे करतात. ज्याला हे वाक्य आवडत नाही त्याच्यासोबत मी जात नाही.

वर्गातल्या तिसरीच्या मुलांना हे मी आधीच शिकवलंय. ती भांडतात, आज मॅडमना कोपर कोणी द्यायचा म्हणून.

१० एप्रिल, गुरुवार

लंगडत शाळेत गेले. दोन दिवसांसाठी शेजारच्या मुलाच्या स्कूटरवरून. यात मला कमीपणा वाटला नाही. घोटा सुजलेला असताना चालत गेले असते तर तो हट्ट झाला असता.

खानदेशातून आलेल्या पायी यात्रेकरूंनी रस्ता फुलला आहे. धुळे, जळगाव, मालेगावाकडची माणसं कळवणवरून गडाच्या पायथ्याशी, नांदुरीकडे जातात. रात्रभर ढोल, पायांचा आवाज, भगवे झेंडे (झेंडे मी ऐकते, वाऱ्यात फडफडतात). ठिकठिकाणी पाण्याचे आणि जेवणाचे मंडप. आमच्या गल्लीतल्या बायकांबरोबर दुपारी तासभर मी पाणी वाटलं, टेबलाच्या आतल्या बाजूला बसून. ग्लास पुढे केला की समोरून कोणाचा तरी हात येतो, तापलेला, धुळीने खरखरीत. एक म्हातारी म्हणाली, "माय, तू नाही येत गडावर?" म्हटलं, गर्दी ओसरली की येईन.

१६ एप्रिल, बुधवार

पौर्णिमा होऊन चार दिवस झाले. शाळा सुटल्यावर सासूबाईंना घेऊन गडावर गेले. खरं तर कोणी कोणाला नेलं ते सांगता येणार नाही. त्यांचे गुडघे गेलेले, माझे डोळे. त्या मला "आता पायरी" म्हणतात, मी त्यांना हात देऊन उठवते.

२०१८ पासून गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. रुळांवरून डोंगर चढून ती मंदिराशी नेते. सासूबाई ट्रॉलीने गेल्या. माझ्या घोट्याचा विचार करून मी जाताना ट्रॉलीने आणि उतरताना पायऱ्यांनी आले. पायऱ्या साधारण पाचशे. कडेचा कठडा हाताला लागत राहिला तर पायऱ्या हा माझ्यासाठी सगळ्यात सुरक्षित रस्ता, कारण त्या सारख्या असतात आणि कठडा कुठे संपतो ते हाताला आधी कळतं. सपाट मोकळ्या मैदानाची मला जास्त भीती वाटते. उतरताना डाव्या हाताखाली लोखंड दुपारच्या उन्हाने पोळत होतं आणि मला फार बरं वाटत होतं. डोंगराला कठडा बसवला, म्हणून मी डोंगरावर फिरू शकले.

१९ एप्रिल, शनिवार

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा, पण लागू झाला तो १९ एप्रिल २०१७ ला. आज आठ वर्षं झाली. फोनला वाचायला लावून त्यातली काही कलमं पुन्हा ऐकली.

पाचवं कलम समाजात राहण्याच्या हक्काचं. अपंग माणसाने अमुकच ठिकाणी, अमुकच व्यवस्थेत राहावं अशी सक्ती होऊ नये, आणि त्याला लागणारी मदत तो राहतो तिथे, घरापर्यंत मिळावी, यासाठी सरकारने झटावं असं त्यात आहे. लगेच पुढची कलमं छळ, हिंसा आणि शोषणापासून संरक्षणाची. ब्याण्णवाव्या कलमात अपंग स्त्रीच्या अंगावर वाईट हेतूने हात टाकणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. बसस्टँडवर मला हे माहीत असतं तर मी घरी न जाता पोलीस ठाण्यात गेले असते. कायदा करणाऱ्यांनी मोकळीक आणि संरक्षण शेजारी शेजारी लिहिलं आहे. घरात आम्ही त्यांतलं एकच निवडायला लावतो.

नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे डोळे बऱ्यापैकी होते. कोल्हापूरच्या, ऐन तारुण्याच्या उंबऱ्यावर कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या या बाईंनी नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. तेव्हा मला त्यांची जिद्द तेवढी दिसली होती. आता वाटतं, खरं काम उतारात, रुंद दारात, हाताला येईल अशा ओट्यात आहे. जिद्द एका माणसाची असते. उतार बांधला की मागून येणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो.

नाशिकच्या शिक्षकांनी रॉबर्ट पर्स्के यांच्याबद्दलही सांगितलं होतं. १९७२ साली त्यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांबद्दल लिहिताना मांडलं की माणसाला सगळ्या जोखमींपासून दूर ठेवणं हाही त्याचा अपमान होऊ शकतो, जोखीम घेण्यातही एक प्रतिष्ठा आहे. हे मला पटतं. पण इतकंच पटतं की जोखीम माझी मी निवडलेली असावी. उघडा चर मी निवडला नव्हता.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग माणसं नोंदली गेली. त्यांतली किती आज "एकटी जाऊ नकोस" ऐकून उंबऱ्याच्या आत बसली असतील?

२० एप्रिल, रविवार

दादाचा फोन. आखाजी ३० तारखेला आहे, मी न्यायला येतो म्हणाला. आमच्याकडे आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात आणि भाऊ मुऱ्हाळी होऊन आणायला जातो. लग्नानंतर एकही वर्ष त्याने चुकवलं नाही.

मी म्हटलं, "दादा, यंदा मी एसटीने येते."

तो बराच वेळ गप्प. मग, "बहिणीला आणायला भाऊ गेला नाही तर गावात काय तोंड दाखवू?"

हे मी धरलंच नव्हतं. मी माझ्या डोळ्यांचा विचार करत होते आणि तो त्याच्या नात्याचा. सासूबाईंनी तिकडून ओरडून विचारलं, "एकली कशी जाशी व माय?" चिडल्या की त्या अहिराणीत बोलतात.

मग दादाच्या मनातलं खरं भय बाहेर आलं. विहीर. बाबांनी ती बहात्तरच्या दुष्काळात खोदली. पंचवीस फूट रुंद, काठ जमिनीला सपाट, कठडा नाही. वाटेवरून मळ्यातल्या घराकडे जाताना डाव्या हाताला चार पावलांवर. गेल्या उन्हाळ्यात तिच्यात वासरू पडलं. मी माहेरी गेले की वहिनी मला अंगणातून एकटी हलू देत नाही, लघवीला जायचं तरी सोबत. लहानपणी मी त्या मळ्यात अनवाणी धावलेली आहे.

"दादा," म्हटलं, "मला न्यायला येण्याऐवजी विहिरीला कठडा बांध."

फोन ठेवून दिला त्याने. रागावला असावा.

२४ एप्रिल, गुरुवार

दादाचा फोन नाही. मीही केला नाही. तिसरीचे पेपर तपासते आहे, भिंग लावून, एका वेळी एक ओळ.

चर बुजवला, पण खडी टाकून तसाच सोडला आहे. काल मुख्याध्यापकांच्या सहीने अर्ज दिला. खोदकाम होईल तिथे दोन्ही बाजूंना आडोसा आणि रात्रीचा दिवा असावा, एवढीच मागणी. पोच घेतली आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा जाणार.

२७ एप्रिल, रविवार

भाचा येऊन गेला. सांगत होता, दादाने चार दिवसांपूर्वी विटा आणल्या.

मीही मग थोडी मागे सरले. असं ठरलं: कळवण ते अभोणा मी एकटी. स्टँडवर दादा येईल, मुऱ्हाळी म्हणून, घरातून न्यायला नाही तर वेशीवर घ्यायला. तिथून मळ्यापर्यंतच्या पायवाटेला कडा नाहीत, दोन्हीकडे पाट आणि ठिबकच्या नळ्या, तिथे मी त्याचा कोपर धरीन. आणि संध्याकाळच्या आत परत. अंधार पडल्यावर त्या बाजूला उसात बिबट्या असतो म्हणून कोणीच एकटं हिंडत नाही. तो नियम सगळ्यांना आहे, मलाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

रजा टाकली. साडेआठला स्टँडवर. फलाटावरची पाटी वाचण्याइतकी लांबून दिसत नाही, म्हणून दोन वेगवेगळ्या माणसांना विचारते. दोघांचं उत्तर जुळलं की चढते. लोकेशन सुरू केलं. वाहकाला सांगितलं, अभोण्याला आवाज द्या. त्याने अर्धं तिकीट दिलं, महिलांना २०२३ पासून आहे ते. शंभराच्या नोटेच्या कडेला चार तिरप्या रेघा उठावाच्या असतात, पाचशेच्या पाच. बोट फिरवून नोट दिली, सुटे मोजून घेतले.

खिडकीत बसले. उन्हाच्या तिरिपी डोळ्यांवरून जात होत्या. कुठे कांद्याचा वास, कुठे ओल्या उसाचा. गतिरोधक मोजत होते, पण मध्येच मोजणं सोडून दिलं आणि नुसती बसून राहिले. कोणीही सोबत नसलेला हा पहिलाच प्रवास माहेरचा.

अभोण्याला दादा फलाटावर उभा होता. टोपी घालून आला होता. बराच वेळ उभा असावा. काही न बोलता त्याने कोपर पुढे केला. कोणी शिकवलं कोणास ठाऊक, बहुधा भाच्याने.

मळ्यात शिरताना नेहमीच्या जागी माझे पाय आपोआप आखडले. दादा थांबला. म्हणाला, "काठी लाव."

लावली. टक्क. वीट.

मी कोपर सोडला आणि डाव्या हाताने चाचपत गेले. कठडा माझ्या कमरेच्या वर येतो. दादाने सांगितलं, साडेतीन फूट. वर ओली गोणपाटं पसरलेली, हाताला गार लागली. वाकून आत कान दिला, खोल कुठेतरी पाणी टपकत होतं. आजवर त्या विहिरीच्या इतक्या जवळ मी एकटी कधी उभी राहिले नव्हते. वहिनी अंगणातून पाहत होती, तिने हाक मारली नाही. दादाची तीन वर्षांची नात धावत आली आणि कठड्याला पोट लावून माझ्या शेजारी उभी राहिली.

खापरावरच्या पुरणपोळ्या, आंब्याचा रस. निंबाला झोका बांधला होता, बायका गौराईची गाणी म्हणत होत्या. चारच्या बसने परत, उजेड असेपर्यंत घरात. लोकेशन बंद केलं.

कठडा अजून अर्धाच झाला आहे, वाटेच्या आणि घराच्या बाजूचा. मोटरच्या बाजूचा उरलेला अर्धा पावसाच्या आत बांधायचा आहे. बांधलेल्या भागाला अजून आठवडाभर पाणी मारावं लागेल. दुपारचं पाणी आज मी मारलं.